शेठचं नाव घे

तापीरंग वेफर्सच्या कचेरीत शिरलं की आधी तेलाचा वास भेटायचा, माणसं नंतर. मागच्या अंगाला कारखाना, दिवसभर कढया उकळत्या, आणि तो वास पडद्यांत, सोफ्यांत, थेट चहाच्या कपात जाऊन बसलेला. जळगावच्या एमआयडीसीतल्या त्या सोफ्यावर संघमित्रा पुन्हा एकदा वाट बघत बसली होती. धुळ्याला देवपुरातल्या कॉलेजात ती मराठी शिकवायची आणि दर हिवाळ्यात खान्देशातल्या कॉलेजच्या पोरापोरींचा नाट्यमहोत्सव भरवायची. शिकवण्याचा पगार मिळायचा. महोत्सवाच्या वाट्याला नुसते देणगीदारांचे उंबरठे यायचे.

यंदा तर उंबरठ्यांनी पार जीव घेतला. जुना देणगीदार वारला आणि त्याच्या मुलाने क्रिकेटची टीम घेतली. सराफाने पेढा देऊन शुभेच्छा दिल्या. ट्रॅक्टरवाल्याने स्टेजवर ट्रॅक्टर उभा करता येईल का, असं अगदी मनापासून विचारलं. क्लासवाले सर म्हणाले की नाटकं करणारी पोरं आमची गिऱ्हाइकं नव्हेत, आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. तिकडे चोपड्यापासून नवापूरपर्यंतचे गट तालमी करून बसले होते. नाट्यगृहाचं भाडं भरलं नाही तर तारीख जाणार होती आणि महोत्सवही.

शेजारी प्रेमराज बसला होता. हा तिचा सहकारी, कॉमर्सचा. माणूस वाईट नव्हता, पण पैसेवाल्याच्या दारात शिरला की त्याचा कणा आपोआप पुढे वाकायचा. रविंद्र, म्हणजे कंपनीचे प्रसिद्धीप्रमुख, बाहेर आले तेव्हा प्रेमराज आधीच उभा होता.

"ताई, शेठना कलेची भयंकर आवड," रविंद्र बसता बसता म्हणाले. "पण कागदावर कला कळत नाही ना. रविवारी आमच्या डीलर लोकांचा मेळावा आहे. तुमचा एक गट आणा, झलक दाखवा. शेठ समोरच असतील, तिथल्या तिथे काम होऊन जाईल."

"जेवणाच्या वेळी का?" संघमित्राने विचारलं.

"छे. आधी. कलेचा मान आम्हालाही कळतो."

प्रेमराजने खालून तिच्या चपलेला चप्पल लावली. "बघते," संघमित्रा म्हणाली. असं म्हणणारा माणूस आधीच हो म्हणून बसलेला असतो, हे रविंद्रना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी लगेच चहा मागवला.

न्यायचा गट कोणता, हा प्रश्नच नव्हता. यंदा सगळ्यांत चांगलं नाटक सपनाचं होतं. ही तिच्याच कॉलेजातली सेकंड इयरची पोरगी, साक्री रस्त्यावरच्या एका गावातली. नाटक तिच्या आजोबांचं, भिका आबांचं. आबा लग्नाच्या वरातींपुढे डफ वाजवायचे. कोणी डोक्यावरून नोट ओवाळली की डफ थांबवायचा, देणाऱ्याचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि मग पुढचा ठेका धरायचा, अशी रीत. पंगत उठल्यावर मागच्या अंगाला जेवण, तीही रीतच. एका वरातीत एका पुढाऱ्याच्या पोराने नोट दातांत धरली आणि ती तोंडाने घे म्हणून सांगितलं. आबांनी भर रस्त्यात डफ खाली घेतला, घरी येऊन खुंटीला टांगला आणि मरेपर्यंत काढला नाही. बौद्ध वस्तीतल्या घराघरात अशी एखादी गोष्ट असते. संघमित्राच्या घरातही होती, म्हणून हे नाटक तिला जास्तच जवळचं.

नाटकाच्या शेवटी नात खुंटीवरचा डफ काढते आणि कोणाचंही नाव न घेता, स्वतःसाठी वाजवते. तो डफ खराखुरा आबांचा होता. सपनाच्या आईने, मंदाबाईने, तो पदराने पुसून संघमित्राच्या हातात दिला होता, आणि पोरीला पाठवते म्हणताना एक अट घातली होती.

"पोरले धाडस मी, मॅडम. डफबी लयी जा. पन मन्ही पोरगीवरथून कोनी नोट ववाळाले नको. तुम्ही सबद द्या."

"अक्का, माझ्या महोत्सवात असलं काही होतच नाही," संघमित्राने सांगितलं होतं. शब्द दिला होता, हात हातात घेऊन दिला होता.

रविवारी कारखान्याच्या आवारातल्या मेळाव्याच्या हॉलमध्ये पोरं पोहोचली तर मंडळी जेवायलाच बसलेली. "डीलर लोक लांबून आलेत, भुका लागल्या," रविंद्र म्हणाले आणि खांदे उडवले. गोल टेबलं, बासुंदीच्या वाट्या, मधोमध तापीरंगच्या पुड्यांचे ढीग. स्टेजच्या मागे बॅनर, बॅनरवर शेठचा चेहरा खिडकीएवढा. खरे रतिलालशेठ पुढच्या टेबलावर गळ्याला रुमाल बांधून पुरी तोडत होते. ढेकरा, चमचे, मोबाइल, कोणी वाढप्याला हाक मारतंय, कोणी हाडाच्या दुखण्यावरचं तेल सुचवतंय. या सगळ्यात पोरांनी नाटक सुरू केलं. संघमित्रा स्टेजच्या कडेला उभी राहून बघत होती आणि तिला स्वतःचीच शिसारी येत होती. एक आतड्यातून आलेली गोष्ट तिने लोणच्याच्या फोडीसारखी ताटाच्या कडेला आणून वाढली होती.

वरातीच्या प्रसंगाला लोक हसले. नोट दातांत धरतो तो प्रसंग त्यांना फार गमतीचा वाटला. पण सपनाने खुंटीवरचा डफ काढला आणि पहिली थाप मारली तशा माना वळल्या. पोरगी खरंच तयारीची होती. ठेका चढत गेला, चमचे थांबले. क्षणभर संघमित्राला वाटलं की जमलं, यांच्याही पोटापलीकडे काहीतरी पोहोचलं.

तेवढ्यात रतिलालशेठ उठले. रुमाल गळ्यातच. डोलत डोलत स्टेजवर आले, खिशातून पाचशेची नोट काढली आणि तुपकट बोटांनी सपनाच्या डोक्यावरून ओवाळली.

डफ थांबला. सपनाने थांबवला नाही, हातच थांबले. गावातल्या जत्रेत, लग्नात, तिने लहानपणापासून हेच बघितलं होतं. नोट ओवाळली की वाजवणारा थांबतो. रविंद्र लगबगीने पुढे आले आणि त्यांनी माइक तिच्या तोंडाशी धरला.

"शेठचं नाव घे, बेटा."

सपनाने संघमित्राकडे बघितलं. काही फार करायचं नव्हतं. नुसती मान हलवायची होती. पण प्रेमराज टेबलांच्या पलीकडून दोन्ही हात जोडून तिच्याकडेच बघत होता, आणि संघमित्राच्या डोळ्यांपुढे नाट्यगृह आलं, चोपड्याची पोरं आली, नवापूरची आली. तिने खाली बघितलं. स्टेजच्या गालिच्यावर वेफर्सचा चुरा सांडला होता. ती त्या चुऱ्याकडे बघत राहिली.

"रतिलालशेठ यांच्याकडून..." सपनाचा आवाज आला, आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मग काय, एक डीलर उठला, दुसरा उठला, रांगच लागली. प्रत्येक वेळी डफ थांबला, प्रत्येकाचं नाव घेतलं गेलं. नाटकाचा शेवट कोणी बघितला नाही, कारण तो झालाच नाही.

रविंद्र घामाघूम आणि खूश होते. "ताई, हेच. अगदी हेच. बॅनर कोण वाचतं हो? तुमच्या महोत्सवात प्रत्येक गटाने मध्ये थांबून असंच कंपनीचं नाव घ्यायचं. शेठ म्हणाले, पूर्ण खर्च आपला. आणि सुरुवात याच पोरीने करायची." प्रेमराजने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

नंतर पोरांना जेवायला बोलावलं. हॉलमध्ये नाही, मागच्या अंगाला, कढयांच्या भिंतीलगत सतरंजी टाकून. मंडळींची पंगत उठल्यावर. उरलेली बासुंदी होती, पुऱ्या गार झाल्या होत्या. कंपनीतल्या कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं, त्यांना ते जेवण म्हणजे मोठा पाहुणचारच वाटत होता. संघमित्राने एक घास तोंडात घातला आणि आडोशाला जाऊन थुंकून टाकला.

परतीच्या गाडीत पारोळ्याच्या अलीकडे मंदाबाईचा फोन आला. पोरं जेवली का, गाडी कुठे पोहोचली, असं विचारून झालं. मग तिने विचारलं, "कोनी नोट तर ववाळी नही ना, मॅडम?"

"नाही हो, अक्का," संघमित्रा म्हणाली. इतकं पटकन, की तिचं तिलाच नवल वाटलं.

"बरं," मंदाबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

ओवाळलेल्या नोटा प्रेमराजने पाकिटात घालून ठेवल्या होत्या, महोत्सवाच्या खात्यात टाकू म्हणाला होता. मागच्या सीटवरून सपना पुढे वाकली. मूठ उघडून तिने एक चुरगळलेली पाचशेची नोट संघमित्राच्या मांडीवर ठेवली. ही तिने प्रेमराजला दिलीच नव्हती.

"मंग हाई कोनी शे, मॅडम?"

नोट कोणाची, ते दोघींनाही ठाऊक होतं. नोटेला तळणाचा वास येत होता.

देवपुरात कॉलेजच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा उन्हं कलली होती. फाटकाशी मंदाबाई उभी होती. गावाहून आली होती, फोनही तिने इथूनच केला होता. तिने सपनाच्या डोक्यावरून हात फिरवला, तिच्या हातातला डफ घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि काखेत धरला.

"अक्का, मी सांगते," संघमित्रा पुढे झाली.

"व्हिडिओ मी दुफारलेच दखा, मॅडम," मंदाबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "कंपनीनी टाकेल शे, गावमा बठ्ठासना फोनवर उना. शेठना माले राग नही, त्यासनी रीतच शे ती. मी फोन कया तो तुम्ही काय सांगतस ते आयकाले."

एवढंच बोलून ती वळली. सपना क्षणभर दोघींच्या मध्ये उभी राहिली आणि मग आईच्या मागे गेली. जाताना तिने संघमित्राला नमस्कार केला, रोज करायची तसाच, आणि तो संघमित्राला जास्त लागला.

"आता सुरुवातीला कोणता गट घ्यायचा?" प्रेमराजने हळूच विचारलं. "रविंद्र साहेबांना तर हीच पोरगी पाहिजे."

संघमित्रा फाटकाला टेकून उभी होती. हातात ती नोट अजून तशीच. दिवसभरात तिच्या तोंडून एकच "नाही" निघालं होतं, आणि तेही भलत्याच माणसाला सांगितलं गेलं होतं. तिने पर्समधून फोन काढला आणि रविंद्रना लावला.

"बोला ताई, बॅनरचं डिझाइन पाठवतोच आहे."

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"तुमचं काहीच नको. ओवाळलेल्या नोटा उद्या परत पाठवते. महोत्सव झाला तर कॉलेजच्या मैदानात होईल, नाही झाला तर नाही होणार."

प्रेमराज कपाळाला हात लावून पायरीवर बसला. रविंद्र तिकडून काहीतरी विचारत होते. संघमित्राने रस्त्याकडे बघितलं. ज्या दोघींनी हे ऐकायला हवं होतं, त्या रिक्षात बसून पांझरेचा पूल ओलांडून गेल्या होत्या.