एका कच्च्या टाक्याची कबुली

मित्रांनो, मी काडेपेटीएवढी हिरवी पट्टी, एका घंटीच्या बटणातलं जुनं सर्किट. आता टेबलाच्या खणात पडून असते. माझ्यासारखीला तीच जागा बरी.

माझा जन्म ताईच्या संगणकावर झाला. तिचे वडील, आप्पा, अंथरुणाला खिळलेले. त्यांनी उशाशी बटण दाबलं की स्वयंपाकघरात घंटी वाजावी, म्हणून तिने मला आखलं. माझ्या अंगभर तांबं पसरलं. तार जोडायचा गोल ठिपका त्या तांब्याला चार बारीक पट्ट्यांनीच जोडायचा असतो, म्हणजे वितळलेल्या कथलाचा टाका मारताना उष्णता पळून जात नाही आणि टाका पक्का बसतो. ताईला वाटलं, अख्खा ठिपकाच तांब्यात बुडवला तर जोड दणकट होईल. केलं क्लिक!

टाके मारायला भिंगवाले काका आले. म्हणाले, "पोरी, हा टाका धरत नाहीये. सगळी उष्णता तांबंच पिऊन टाकतंय."

"काका, घंटी वाजतेय ना? मग झालं तर!"

वाजत होती खरी. येणारे-जाणारे कौतुक करायचे आणि मी मेली फुशारून जायचे. टाका कच्चा आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

सहा महिन्यांनी, भरदुपारी टाका तडकला. आप्पांना पाणी हवं होतं. त्यांनी बटण नऊ वेळा दाबलं, प्रत्येक वेळी मला कळलं. शेवटी ते स्वतःच उठायला गेले आणि पडले. मनगट मोडलं.

ताई घाबरून ओरडली, "आप्पा, बटण नीट दाबायचं ना हो!"

आप्पा ओशाळले. "चुकलंच गं. बोटांत जोर नाही राहिला."

त्यानंतर त्यांनी बटणाला हात लावला नाही. तहान लागली तरी गप्प पडून राहायचे. मला ओरडून सांगावंसं वाटे, अहो, नऊ वेळा दाबलं त्यांनी! पण मला कुठलं तोंड?

आठवड्याने चादर बदलताना ताईच्याच हातून बटण दाबलं गेलं. घंटी मुकी! काकांनी येऊन बटणाची डबी उघडली आणि भिंग तिच्या हातात दिलं. माझ्या टाक्यात केसाएवढी चीर होती. ताई ती बघतच राहिली.

तिने माझ्याजागी नवी पट्टी आखली, ठिपक्याला चार बारीक पट्ट्या ठेवून. ती बसवून आप्पांजवळ बसली. "आप्पा, तुम्ही नीटच दाबलं होतं. चूक माझी होती."

"म्हणजे बोटं शाबूत आहेत की माझी!" आप्पा म्हणाले. ताई समोरच बसलेली, तरी त्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

मित्रांनो, हाताने काम करणारा माणूस 'धरत नाहीये' म्हणाला तर थांबा. आणि थकल्या बोटांना बोल लावण्याआधी, कृपा करून, डबी उघडून आम्हाला एकदा बघा.