शालनचा आवाज

चप्पल निळी होती, अंगठ्यापाशी झिजलेली, आणि इंदुबाई ती तानीच्या नाकाशी नेत होत्या... शालनच्या हातातली धागे कापायची कात्री तशीच थांबली. उल्हासनगरच्या त्या जीन्सच्या कारखान्यात तानी आठच दिवसांपूर्वी लागली होती, आणि आत्ता पँटींच्या ढिगाशेजारी फरशीवर तिचं सगळं अंग झटके देत होतं. कुणीतरी ओरडलं, "चमचा आणा, दातखीळ बसलीय!" — आणि शालनच्या नाकात चपलेचा तो वास भरला, अकरा वर्षांपूर्वीचा, अंबरनाथला बहिणीच्या हळदीत शुद्धीवर येताना आलेला, मग वाकलेले चेहरे, ओली साडी, आईची कुजबुज — कुणाला सांगू नकोस हं. नाहीच सांगितलं. अकरा वर्षं गोळी संडासात जाऊन घेतली, शिवणमशीन येत असून, मशीनवर झटका येईल या भीतीने, 'डोळे दुखतात' म्हणत धागे कापले... आताही गप्प बसता येईल, थोड्या वेळात हे आपोआप थांबेल, माझं कुणाला कळणारही नाही —

पण तानीला तो वास येईल.

"चप्पल बाजूला घ्या!" आवाज आपलाच आहे हे तिला जरा उशिरा कळलं. "तोंडात काही घालू नका. हातपाय दाबू नका तिचे. सरका सगळ्या!" ओढणीची घडी तिने तानीच्या डोक्याखाली सारली, घड्याळाकडे पाहिलं, मग धावत आलेल्या मालकाकडे. "सेठ, पाच मिनिटांच्या वर गेलं तर लगेच रिक्षा."

दोन मिनिटांत झटके ओसरले. शालनने तिला कुशीवर वळवलं, लाळ पुसली, शेजारी बसून राहिली.

"काय झालं मला?" तानीने बऱ्याच वेळाने विचारलं.

"फिट आली होती. मी आहे ना. आजच डॉक्टरकडे जाऊ, दोघी."

"तुला गं कसं एवढं माहीत?" इंदुबाईंनी विचारलं.

'चुलतबहिणीला होतं' हे उत्तर वर्षानुवर्षं तयार होतं, जिभेवर आलंही.

"मलाही येतात," शालन म्हणाली. "गोळ्या चालू आहेत. अडीच वर्षांत एकदाही आली नाही."

मशीनं थांबलेली. सेठ उद्यापासून येऊ नको म्हणेल कदाचित... म्हणू दे. इंदुबाई हलल्या — जवळ सरकल्या की लांब, ते तिने पाहिलंच नाही. तिची पाठ ताठ झाली होती आणि छातीत, नेहमी भीती बसायची तिथे, काहीतरी उनाड, दांडगं उसळत होतं — हसू येतंय, अशा वेळी, चारचौघींत, हसू येतंय... तिने ते दाबलं नाही.