एक अबोली, दोन मोगरे

वसईच्या बावखलात, वाडीतल्या त्या गोड्या तळ्यात, वैशाखाचं ऊन उतरलं होतं. हरितश्यामल, संथ, तळाला टेकलेलं ऊन. काठच्या केळींत मोगरा घमघमत होता, आणि त्या शांत पाण्याशेजारी बसलेली रेजिनाबाय मात्र सारखी घड्याळ बघत होती.

दुपारी तीनला इटलीहून फोन येणार. लेकीची लेक, पाच वर्षांची कियारा. मागच्या रविवारी आजीचं इटालियन तिनं घटकाभर ऐकलं. सपाट, चढ ना उतार. मग उठली आणि खेळायला गेली. पडद्यावर उरली रिकामी खुर्ची. आठवडाभर ती खुर्ची रेजिनाबायच्या डोळ्यांसमोरून हलली नव्हती. आजही पोर उठून गेली तर?

"आई, तुझी सगळी अक्षरं सारख्याच वजनाची," लेक म्हणाली होती. "जोर कुठे पडतो ते बघ."

म्हणून सकाळपासून ती क्रियापदं गुंफत होती. शब्दाचे तुकडे करावे. हलक्याला शुभ्र मोगरा, जोराच्याला केशरी अबोली, शब्द संपला की मरव्याची काडी. पार्-लो, मी बोलते: अबोली, मोगरा. पार्-ल्या-मो, आम्ही बोलतो: अबोली सरकून मधे. पार्-ला-नो, ते बोलतात: इथे बोटं हमखास चुकत. जोर मधे सापडेल म्हणावं, तर तो मागे फिरून पहिल्याच तुकड्यावर चढून बसलेला. अबोली, मोगरा, मोगरा. ओवावं, उसवावं, पुन्हा ओवावं.

माळ पुरी झाली. ओल्या फडक्यात झाकून ती जेवण करायला गेली. परत येते तो फडकं रिकामं.

"अहो, माझी माळ?"

"क्रुसाला घातली," तिचा नवरा पास्कू सुपारी कातरत म्हणाला. "मे महिना, रोज क्रुसापुढे प्रार्थना; ओल्या फडक्यात झाकलेली माळ आणखी कुणाची असते?"

"माझा अभ्यास होता तो."

"मग आता देव पाठ करील."

वाहिलेली माळ उतरवायची नसते. तीनला पाच कमी होते. रेजिनाबाय फोन मुठीत धरून, तापल्या पांदीतून, नाक्यावरच्या क्रुसाकडे धावली.

फोन वाजला. पडद्यावर खुर्ची, खुर्चीत कुरळे केस, कंटाळलेले डोळे. रेजिनाबायनं माळेवर बोट ठेवलं, जपमाळेवर ठेवावं तसं. तिचे हलते ओठ पाहून वाटेवरच्या एका बाईनं भक्तिभावानं डोक्यावर पदर घेतला.

बोट अबोलीवर थांबलं, मोगऱ्यांवरून घसरलं. "इ फ्योरि पार्लानो." फुलं बोलतात.

खुर्ची करकरली. पोर उठली. रेजिनाबायचा श्वास दोऱ्यासारखा ताणला गेला.

पोर उठली, आणि जवळ आली. इतकी जवळ, की पडदाभर नुसता एक कान. गुलाबी, उन्हात पारदर्शी, मिटल्या पाकळीसारखा.

"के दीकोनो?" काय म्हणतात?

दी-को-नो. तोच चढ, तोच उतार. आजीनं फोन हलकेच माळेला टेकवला. वारा आला, क्रुसावर हलत राहिली एक अबोली, दोन मोगरे... एक अबोली, दोन मोगरे.