गाऱ्हाण्यातले कॉम्प्युटर

भांडुपच्या आमच्या शाळेत एकच कॉम्प्युटर होता आणि तो सुरू होत नसे. दसऱ्याला त्याला हार घालायचे, पुढ्यात पेढा ठेवायचे आणि परत कव्हर चढवायचे. पोरं की-बोर्ड शिकत पुठ्ठ्यावर आणि माउस साबणाच्या वडीवर. वडी छान सरकते. क्लिक तेवढा तोंडाने करावा लागतो.

हे सगळं शिकवायची रुचिरा, एकेकाळी आमच्याच वर्गातली. आता ती तिथेच टीचर आहे. संस्थेचे सेक्रेटरी भाऊ यांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, शाळा उघडेपर्यंत मशीनं आली नाहीत तर विषय बंद आणि खोली केटररला भाड्याने.

रुचिराने ते माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकलं. सगळ्यांनी अंगठे दाखवले. कोणी हात जोडले, कोणी मोराचा फोटो पाठवला. पैसे कोणीच पाठवले नाहीत. मोराचं कारण अजून कळलेलं नाही.

शेवटी मे महिन्यात शाळेच्या हॉलमध्ये स्नेहसंमेलन ठरलं. मिसळ आहे म्हटल्यावर हॉल भरला. बाहेर पॅसेजमध्ये केटररचे दोन टोप आधीच येऊन बसले होते. भाऊ त्यांच्याकडे जावयाकडे बघावं तसे बघत होते.

"नितेश, आज नाही झालं तर वाट लागली यार," रुचिरा मला म्हणाली. स्वागतगीताला तिने वर्गातली पोरं आणली होती. ती पोरं भिंतीला टेकून मिसळीच्या वासावर उभी होती.

माइक पहिला घेतला चंद्रप्रकाशने. हा पूर्वी शेवटच्या बाकावर बसायचा, आता मालाडमध्ये दोन शोरूम आहेत. तो म्हणाला, "कॉम्प्युटरचं बघू. कमिटी नेमू. पण आधी बॅचचे टी-शर्ट हवेत ना?"

आणि काय सांगू, टी-शर्टचे पैसे मिसळीचा पाव संपायच्या आत जमले. फक्त रंगावर एकमत होईना, म्हणून रंगाची उपसमिती नेमली.

रुचिराचा चेहरा बघवेना. मी धाकूकडे गेलो. धाकू विमा विकतो, त्यामुळे त्याचा फोन कोणी उचलत नाही. पण गावी गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. कार्यक्रमाआधी एकाने देवापुढे मागणं मांडायचं आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी ओरडायचं, 'व्हय म्हाराजा!' आमच्या हॉलमधली निम्म्याहून जास्त माणसं कोकणातली. त्यांना हे झोपेतही येतं.

"धाकू, गाऱ्हाणं घाल."

"कार्यक्रम अर्धो झालो रे."

"देव लेट आलाय समज."

धाकूने नारळ हातात घेतला, घसा खाकरला. हॉल आपोआप उठून उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या शाळेची लेकरां तुझ्या पायाकडे जमलेली आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येंका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण ग्रूपवर नुसतो अंगठो दाखवता, त्येचो हात आज खिशात जावंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आवाज मागे घेता येत नाही. दोघा-चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकूने श्वाससुद्धा घेतला नाही.

"टी-शर्टाचे सगळे पैसे पोरांच्या शिष्यवृत्तीक लागांदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" रंगाची उपसमिती सगळ्यात जोरात.

"चंद्रप्रकाशान पाच कॉम्प्युटर देवचा मनात आणल्यान हा, ता पुरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे ओरडणाऱ्यांत चंद्रप्रकाश स्वतः होता. डोळे मिटलेले, हात जोडलेले. मग डोळे उघडले.

"ए धाकू, मी कधी..."

"गप," पहिल्या रांगेतून त्याची आई म्हणाली. "देवासमोर हो म्हटलंस. गणपतीत गावाक कुठच्या तोंडान जातलंस?"

चंद्रप्रकाशने घाम पुसला आणि माइकवर सांगितलं, पाच नाही, सहा देतो. आई बसली.

पुढे धाकू सुटलाच. एकेकाचं नाव घेई आणि तो माणूस स्वतःच स्वतःला होकार देई. धवल शाह, ज्याला मालवणीचा म सुद्धा येत नाही, तो मजा येतेय म्हणून ओरडत राहिला आणि प्रिंटर देऊन बसला. भाऊ तर संस्थेचे. त्यांनी खोलीला नवीन वायरिंग कबूल केलं आणि दचकून तोंडावर हात ठेवला. भिंतीलगतची पोरं घसा ताणून साथ देत होती.

नारळ फुटला. रुचिरा हसत होती आणि ओढणीने डोळे पुसत होती. "झकास रे," एवढंच म्हणाली. केटररचे टोप त्याच संध्याकाळी टेम्पोत चढले.

शाळा उघडली तेव्हा कॉम्प्युटरची रांगच्या रांग भिंतीला लागली होती. जुन्या कॉम्प्युटरला निवृत्तीचा हार घातला. शिष्यवृत्तीचे पहिले चेक वाटायला टी-शर्टवाले आले, आपापल्या शर्टात. एका मुलीने माउस हातात घेऊन सवयीने आधी वास घेतला.

"कसला गं?" मी विचारलं.

"कसलाच नाही!" तिने आनंदाने जाहीर केलं.

रुचिरा वर्गासमोर उभी राहिली. "सगळ्यांनी बटण दाबा. सुरू करू या?"

अख्खी खोली ओरडली, "व्हय म्हाराजा!"

आणि सगळे पडदे उजळले.