पहिलं पाणी, दुसरं पाणी

मित्रांनो, चर्चच्या मागच्या खोलीत, मोरीशेजारच्या फळीवर जे काळवंडलेलं पितळी तसराळं पालथं पडलंय ना, ते मी. एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. हजारभर ठोके बसले तेव्हा कुठे मी पाणी धरायला शिकलं. माझ्याबरोबरची भांडी कुणाच्या स्वयंपाकघरात गेली, कुणाच्या न्हाणीघरात. मी देवाच्या घरी आलं. त्याचा मला फार ताठा होता. आता उतरलाय.

मिस्सेत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, भाकरीचा प्रभूचा देह होतो आणि द्राक्षारसाचं त्याचं रक्त होतं, अशी इथल्या माणसांची श्रद्धा आहे. माझीही आहे. म्हणून फादर ज्या छोट्या फडक्यांनी प्याला पुसतात, ती इथे सरळ साबणात टाकत नाहीत. एखादा कण चिकटलेला असला तर? आधी माझ्यात, नुसत्या पाण्यात भिजवायची. ते पहिलं पाणी गटारात जाता कामा नये. खोलीमागे मातीत एक खड्डा आहे, त्यात ओतायचं. मग दुसरं पाणी, मग साबण. तीस वर्षं मी देवाचा चुरा सांभाळला. फादर पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवायचे.

फडकी धुवायला एक शिंपीण यायची. पहिल्या नवऱ्याने तिचा हात मोडला होता, तो वाकडाच जुळला. त्याला सोडून तिने एका सुताराबरोबर संसार मांडला, मुलगी झाली. पण चर्चच्या नियमात पहिलं लग्न अजून उभंच होतं. ते लग्न मुळात झालंच नाही असं ठरवून द्या, म्हणून तिने अर्ज केला. अर्ज वरच्या कचेरीत सहा वर्षं पडून. तोवर तिला पापकबुली देऊन मोकळं होता येईना, आणि कबुलीशिवाय पवित्र भाकर घेता येईना. रविवारी सगळे रांगेत जायचे. ती बाकावर पाय आखडून लोकांना वाट करून द्यायची.

"गंमत बघा काका," ती घंटाकाकांना म्हणायची, "माझे हात चालतात. तोंड तेवढं चालत नाही."

घंटा वाजवणारे, मेणबत्त्या लावणारे ते म्हातारे.

"साबण जपून वापर," ते म्हणायचे.

"तुमचा शर्टही टाका इकडे. त्याचाही उद्धार होऊ दे."

"त्याला उद्धार नको, बटण हवंय."

मग तिच्या मुलीच्या पहिल्या कम्युनियनचा, म्हणजे पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याचा, रविवार जवळ आला. मुलगी स्टुलावर बसून धडा घोकायची. देव यायचा म्हणजे मन झाडून ठेवायचं. एक तास आधी काही खायचं नाही, पाणी चालतं.

"आई, सगळ्यांच्या आया रांगेत येणारेत. तू माझ्या पुढे की मागे?"

"बघू."

"तुझं बघू म्हणजे नाही. मी सांगितली माझी पापं फादरना. तूपण सांग ना, पटकन होतं."

त्याच दुपारी तिने फादरना दारात गाठलं. "एकदाच, फादर. पोरीसाठी."

"त्या माणसापासून वेगळी हो, मग ये."

"आणि पोरीला बाप कुठून आणू?"

"नियम मी केलेले नाहीत, बाई."

फादरांचा आवाज मऊ होता. चिडून बोलले असते तर बरं झालं असतं.

शनिवारी ती धुवायला आली. फडकी माझ्यात भिजत होती. तिने दार लोटलं, फडकी बाजूला काढली, मला दोन्ही हातांनी उचललं आणि तोंडाला लावलं. तळाचा शेवटचा थेंबसुद्धा तिने सोडला नाही.

मला ओरडायचं होतं. कारण घंटाकाकांनी, उद्या हिच्या घरी कार्य आहे, जरा हातभार लावू, म्हणून पहिलं पाणी सकाळीच मातीत ओतलं होतं. माझ्यात होतं ते दुसरं.

रविवारी मुलगी एकटी रांगेत गेली. बाकावर बसलेल्या आईचा चेहरा मात्र असा उजळला होता की काकांना नवल वाटलं. सोमवारी ती आली तेव्हा तोंड पांढरंफटक.

"काका, मी पहिलं पाणी प्यायले. लायकी नसताना जो प्रभूला घेतो तो स्वतःची शिक्षा गिळतो म्हणतात. माझं काय व्हायचं ते होऊ दे. पोरीला काही होणार नाही ना?"

काका हसले. खरंच सुटल्यासारखे हसले. "अगं वेडे, घाबरतेस काय? पहिलं मी सकाळीच ओतलं होतं. तू प्यायलीस ते नुसतं पाणी."

"नुसतं?"

"नुसतं. काही पाप नाही लागलं तुला."

तिने वाकून माझ्या तळाशी बघितलं. मग विचारलं, "कुठे ओतलंत?"

काकांनी भाबडेपणाने मागच्या दाराकडे बोट दाखवलं. ती गेली, खड्ड्यापाशी गुडघे टेकले, ओली माती मुठीत घेतली आणि तोंडात कोंबली. काकांनी मान फिरवली. मला मान नाही.

त्यानंतर ती आली नाही. फडकी आता यंत्रात धुतात, आणि मी इथे पालथं.

मित्रांनो, जुन्या भांड्याने शेवटी मला घासा, मला जपा असं म्हणायचं असतं. मी तेही म्हणतं; मला हिरवट डाग पडलेत, चिंच लावून घासा. पण कुणाला रांगेबाहेर बसवून तुमची वेदी स्वच्छ राहिली असं वाटेल, तेव्हा एकदा मागच्या अंगणात जा. तिथे कोण गुडघ्यावर बसलंय ते बघा, आणि तिला आधी चूळ भरायला पाणी द्या. पहिलं, दुसरं, कुठलंही.