उतारावरची गाडी

फर्दापूरच्या सर्जेरावांच्या मोटारसायकलला उतार लागायचा. किक सटकायची आणि तिचा पार्ट काही केल्या मिळेना. मग काय, गाडी उतारावर लावायची आणि निघताना भामाबाईंनी मागून रेटायची. इंजिनानं धरलं की धावत जाऊन, लुगडं सावरत, टुणकन मागं बसायचं. बारा वर्षं हेच! मीटर सव्वा लाखावर बंद पडलं, त्यालाही जमाना झाला. भामाबाईंचे पाय मात्र चालूच होते.

नवराबायको आठवडी बाजारात बांगड्या विकायचे. भर बाजारातली मोक्याची जागा यांना कधी लाभली नाही, कारण तिथं सगळं सपाट. हे आपले बाजाराच्या टोकाला, उताराच्या कडेला, जिथं गिऱ्हाईक फिरकत नाही तिथं. अहो, लेकीला, मोनालीला, आलेलं एक चांगलं स्थळ सर्जेरावांनी नुसतं मुलाचं घर खळग्यात आहे म्हणून नाकारलं. आता बोला!

यंदा नवी गाडी घ्यायची ठरली. शोरूम शहरात, क्रांती चौकाच्या पुढं. तिथल्या माणसानं फोनवर अट घातली, जुनी देऊन नवी हवी तर जुनी चालवत आणा. शेजारचा कचरू दात काढत म्हणाला, "वहिनी, शोरूमच्या दारापर्यंत गाडी माझ्या टेम्पोत न्या. नायतर क्रांती चौकात ढकलताना लोक फोटू काढतील तुमचा."

भामाबाईंना ते लई झोंबलं. बाजारातल्या बायका तोंडावर 'ढकलबाई' म्हणत, तेही त्यांनी हसून घेतलं होतं. पण आज नाय. "गाडी आपल्या चाकावर जाईल," त्या म्हणाल्या, "अन् मी बसून जाईन."

सकाळी घरापुढच्या उतारावरून गाडी सुटली. अजिंठ्याचा घाट खोकत खोकत चढली. सिल्लोडला चहा नाही, फुलंब्रीला पाणी नाही. इंजिन बंदच करायचं नव्हतं ना! शहर आलं, क्रांती चौकाचा सिग्नल आला, आणि लाल दिव्यापुढं गाडी फुस्स झाली.

पुढं सपाट, मागं सपाट. रिक्षांचे हॉर्न सुरू झाले. "चलो अंकल, हटो!" सर्जेरावांचं तोंड एवढंसं झालं. "भामे, कचरूचं खरं झालं गं."

भामाबाई उतरल्या. आधी रडू आलं, मग राग आला. लाज कशाची? याच गाडीनं दोन लेकरं शिकवली, मोनालीचं लग्न लावलं. "बघता काय? दुसरा गेर टाका, क्लच दाबून धरा!" पदर खोचला आणि अशी रेटली, की हातातल्या बांगड्या खळखळल्या. "सोडा आता!" गाडी हिसका देऊन गुरगुरली. तीन ढांगांत भामाबाई वर! रिक्षावाल्यांनी शिट्ट्या मारल्या. "वाह मौसी, वाह!" खरंच कुणीतरी फोटो काढत होतं. भामाबाईंनी पदर नीट केला आणि त्याच्याकडं बघून झकास हसल्या.

गाडी घरघरत थेट शोरूमच्या पायरीला टेकली. आत नवी कोरी काळी गाडी हार घालून उभी होती. तिथली पोरगी पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली घेऊन आली. "मालक, पुढं या, फोटो काढू."

सर्जेराव जागचे हलले नाहीत. "मालक ती. कागदं तिच्या नावानं करा. बारा वर्षं गाडी हिनंच चालवली, मी नुसतं हँडल धरलं होतं."

"कायतरीच तुमचं!" म्हणत भामाबाईंनी डोळे पुसले, पण किल्ली काही सोडली नाही.

बाहेर येऊन सर्जेराव नव्या गाडीवर बसले आणि भामाबाई सवयीनं मागं जाऊन, पदर खोचून, दोन्ही हात टेकवून उभ्या. सर्जेरावांनी अंगठ्यानं बटण दाबलं. गाडी लगेच चालू झाली. भामाबाईंचे हात तसेच राहिले.

"बसा, मालकीणबाई."

पुढच्या बाजारात बायका 'ढकलबाई'ला टोकाला हुडकत होत्या. ती तिथं नव्हतीच. भामाबाईंनी दुकान मांडलं होतं भर बाजारात, अगदी मधोमध, सपाट जागेवर.