दुसऱ्यांदा शिजलेला भात

मी एक जुना भातकुकर आहे. विजेवर चालणारा, आणि बोलणारा. नुसती वाफ सोडून गप्प बसणाऱ्यांतला मी नाही. भात झाला की मी बाईच्या गोड आवाजात सांगतो, "भात तयार आहे. छान मोकळा करून घ्या."

मित्रांनो, आपली जन्मकथा सांगायला बसलं की जो तो आपला थाट सांगतो. थोडा थाट माझ्याकडेही आहे. पण आधीच कबूल करून टाकतो, मला एका गोष्टीची फार लाज वाटते. ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

कारखान्यात माझ्या पोटाला काळा मुलामा दिला, झाकणात रबराचं कडं बसवलं. शेवटी पांढरी टोपी घातलेल्या एका बाईंनी बटण दाबून माझा आवाज ऐकला आणि त्या स्वतःशीच हसल्या. बोलायची हौस मला तेव्हापासून लागली असावी.

मी आलो तो वोंजू गावात, चियाक डोंगराच्या पायथ्याशी, तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात. घरात आई आणि दोन मुलं. मोठी दासोम, पंधरा वर्षांची, आणि धाकटा तेकसू, दहाचा. वडील नव्हते. आई शाळेच्या स्वयंपाकघरात सहाशे मुलांचं जेवण रांधायची आणि त्यासाठी पहाटे साडेपाचला घर सोडायची. आपल्या दोन मुलांना गरम भात वाढायला मात्र ती घरी नसायची. म्हणून रात्री तांदूळ धुऊन ती माझा टायमर सकाळी सातला लावून ठेवायची. सात वाजता मी बोललो की पोरं उठायची. तेकसू डोळे चोळत माझ्यासमोर येऊन "हो, आलो" म्हणायचा. त्या घरात सकाळी आईच्या जागी मी होतो, आणि मला त्याचा केवढा अभिमान होता.

आईचा एक नियम होता. घरातलं कोणी बाहेर असलं, तर त्याच्या नावाचा एक वाटा माझ्या पोटात गरम राहिलाच पाहिजे. तेकसू सैन्यातली सक्तीची नोकरी करायला गेला, तेव्हा दीड वर्षाहून जास्त काळ तिने त्याचा वाटा ठेवला. दुसऱ्या दिवशी तो शिळा वाटा ती स्वतः खायची. मुलाचा फोन आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "जेवलास का?" बाकी सगळं त्यानंतर.

वर्षं गेली. दासोम लग्न होऊन राजधानीत, सोलला गेली. तेकसू पार्सल पोचवायची गाडी चालवू लागला. गाडीतच पाव खायचा, गाडीतच शेवया, आणि तीस वर्षांचा होईतो सत्त्याण्णव किलोचा झाला. माझंही रबर सैल झालं, वाफ बाजूने निसटू लागली, आवाज थोडा घोगरा झाला. "तो कुकर आता बदल की," शेजारीण म्हणायची. आई म्हणायची, "असू दे. घरात कोणीतरी बोलतंय ना."

मग आईचं यकृत बिघडलं. डॉक्टरांनी सांगितलं, घरातल्या कोणीतरी आपल्या यकृताचा तुकडा दिला तरच ती वाचेल. दासोमची तपासणी झाली, तिचं यकृत लहान निघालं. तेकसूचं मापाने बरोबर होतं, पण त्यावर चरबी चढली होती.

"आठ आठवडे देतो," डॉक्टर म्हणाले होते. "वजन उतरवा, चरबी उतरेल. त्यापेक्षा जास्त थांबणं तुमच्या आईला झेपणार नाही."

आई ऐकायलाच तयार नव्हती. "माझ्यासाठी पोराचं पोट कापायचं? मुळीच नाही."

"आई, ते तूच दिलेलं आहे," तेकसू म्हणाला. "त्यातलं थोडं परत घे, एवढंच."

आणि तो कामाला लागला. रात्रीचं जेवण त्याने बंदच करून टाकलं. पहाटे पाचला, पोटात काही नसताना, पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या सहा बाटल्या भरून तो चियाकची चढण धावत चढायचा. पहिले पंधरा दिवस वजन उतरलं. दासोम फोनवर म्हणायची, "शाब्बास, माझ्या वाघा." तो लाजायचा.

मित्रांनो, इथे माझा गुन्हा येतो. माझा टायमर वीस वर्षं सातलाच होता, तो बदलायचं कोणाच्या मनातही आलं नाही. तेकसू घामाने निथळत सात वाजता दारात पाऊल टाकायचा. आणि त्याच क्षणी मी वाफ सोडून गोड आवाजात सांगायचो, भात तयार आहे. कालच्या दुपारपासून उपाशी असलेल्या माणसाला मी हाका मारायचो.

एक वाटी खायचं असं ठरवून तो झाकण उघडायचा. पहिली वाटी तो मेजापाशी बसून खायचा. दुसरी उभ्यानेच. मग वाटी बाजूला राहायची आणि माझ्यातच चमचा घालून तो गरम भात तोंडात कोंबायचा. तोंड पोळलं तरी थांबायचा नाही. किमचीचा, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीचा, डबा उघडा पडलेला असायचा. चमचा तळाला घासला की तो आवाज ऐकून भानावर यायचा.

तोवर आईचा वाटाही गेलेला असायचा. आई तेव्हा आतल्या खोलीत पडून असे आणि नऊ वाजता त्या भाताची पातळ पेज घेई. मग तेकसू घाईघाईने माझं पोट धुवायचा, नवे तांदूळ घालायचा आणि आईला कळू नये म्हणून पुन्हा भात लावायचा. माझ्याकडे बघायचा नाही. मीही त्याच्याकडे बघत नव्हतो. रोज सकाळी दोनदा शिजायचो आणि दोनदा बोलायचो, कारण मला तेवढंच येतं.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःला शिक्षा द्यायचा. डोंगर दोनदा चढायचा, दुपारचंही खायचा नाही. त्याने भूक दुप्पट व्हायची आणि तळ आणखी लवकर दिसायचा. दासोमचा फोन आला की म्हणायचा, "कोबी खाल्ला. आणि थोडा टोफू." एकदा हे बोलताना त्याच्या ओठाला भाताचं शीत चिकटलेलं होतं. ते मी पाहिलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाच आठवडे झाले. मधली तपासणी झाली. पहिल्या पंधरवड्यात उतरलेलं वजन परत चढलं होतं, एकूण घट फक्त एक किलो. यकृत होतं तसंच.

त्या रविवारी सकाळी आठ वाजता, न कळवता, दासोम दारात उभी राहिली. दोन्ही हातांत पालेभाजीच्या पिशव्या. आल्या आल्या तिने भावाला स्वयंपाकघरात गाठलं.

"पाच आठवड्यांत एक किलो? तू डोंगर चढतोस की खालून बघून परत येतोस?"

"चढतो, ताई. माझी हाडंच जड आहेत."

"हाडं जड आहेत म्हणे. डॉक्टरांना हाडं नकोयत तुझी."

आणि त्याच वेळी मी बोललो. "भात तयार आहे. छान मोकळा करून घ्या."

मला गप्प करायचं एक बटण आहे. ते कोणी दाबलेलं नव्हतं.

दासोमने घड्याळाकडे पाहिलं. सव्वाआठ झाले होते. "आईचा टायमर सातचा असतो," ती हळू म्हणाली. मग तिला मोरीतला भाताचा चमचा दिसला. "सातचा भात कुठे गेला, तेकसू?"

तेकसू कानापर्यंत लाल झाला. तेवढ्यात आतल्या खोलीचं दार सरकलं. आई भिंतीला धरून उभी होती. डोळे पिवळे, हात काड्यांसारखे.

"मी खाल्ला," आई म्हणाली.

"आई, तुला चार चमचे पेज जात नाही."

"आज भूक लागली. आजारी माणसाला भूक लागू नये का?"

मित्रांनो, मी भांडं आहे, मला रडता येत नाही. पण त्या क्षणी जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. तेकसू खाली फरशीवरच बसला.

"आई, गप्प बस ना गं," तो म्हणाला. "मी खाल्ला. रोज मीच खातो. तुझा वाटासुद्धा. डोंगर उतरतो तेव्हा डोळ्यांपुढे भाताशिवाय काही नसतं. एकच वाटी घेईन म्हणतो, मग मला कळतच नाही. तळ दिसला की कळतं. आणि तळ दिसला की तू दिसतेस. माझ्यामुळे तू मरशील, हे मला कळतं, आणि दुसऱ्या दिवशी मी परत खातो."

"मला माहीत होतं," आई म्हणाली. "हा कुकर रोज दोनदा बोलतो. मी आजारी आहे, बहिरी नाही."

"मग बोलली का नाहीस?"

आई मेजाचा आधार घेत खाली बसली. "काय बोलू? रात्री तांदूळ मीच मोजून घालते. आधी दोन कप घालायचे. तू डोंगर चढायला लागलास, तसे तीन केले. मग चार. पोर दमून येईल, त्याला कमी पडायला नको, असं वाटायचं. मला जगवायला तू उपाशी राहतोस हे बघवेना. तुझ्याइतकीच मी चोर आहे."

दासोमने भावाच्या पाठीत एक जोराचा धपाटा घातला, आणि मग तो हात तिथेच राहू दिला. तिघंही रडत होती. माझ्यात भात गरम होता आणि कोणालाही तो नको होता.

सोमवारी दासोम दोघांना घेऊन इस्पितळातल्या आहार सांगणाऱ्या बाईंकडे गेली. त्या काय म्हणाल्या, ते तेकसूने घरी येऊन आईला पुन्हा सांगितलं, म्हणून मलाही कळलं. त्या म्हणाल्या होत्या, "एवढी मेहनत उपाशीपोटी केलीत तर शरीर आपली वसुली करणारच. यात तुमचा हावरटपणा नाही. रात्री जेवायला लागा. भूक पिसाळल्यावर तिच्याशी भांडू नका, त्याआधीच तिला थोडं द्या."

त्या दिवसापासून घराची रीत बदलली. संध्याकाळी मासा, भाजी आणि अर्धी वाटी भात. पहाटे निघण्यापूर्वी एक उकडलेलं अंडं आणि रताळ्याचा तुकडा. उतरताना पाणी. धावणं एक दिवसाआड, मधल्या दिवशी नुसतं चालणं. माझ्यात पांढऱ्या तांदळाबरोबर सातू आणि काळे घेवडे पडू लागले. तांदळाचा कप दासोमने आईकडून काढून घेतला. आणि माझा टायमर, वीस वर्षांत पहिल्यांदा, सातवरून पावणेआठवर गेला. तोवर तेकसू अंघोळ करी, टोफूचं गरम सूप सावकाश पिई. मग मी बोलायचो, आणि तो मेजापाशी बसून एक वाटी खायचा. समोर आई बसायची, तिच्या पेजेचे चार चमचे घेऊन. उभ्याने खायचं नाही आणि एकट्याने खायचं नाही, एवढाच आईचा हुकूम होता.

एकदा पाय घसरला. ट्रकभर पार्सलं पोचवून आल्यावर त्याने माझ्यातला सगळा भात संपवला. पण या वेळी त्याने माझं पोट धुतलं नाही. तसाच रिकामा मला उघडा ठेवून तो आतल्या खोलीच्या दाराशी गेला आणि म्हणाला, "आई, आज मी सगळा खाल्ला."

"बरं," आई म्हणाली. "उद्या नेहमीसारखंच जेव. उपास करू नकोस."

आठ आठवडे पुरले नाहीत. डॉक्टरांनी आणखी दोन दिले, आणि ते दोन आठवडे घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. आईचं पोट पाण्याने फुगलं होतं. दहाव्या आठवड्याच्या शेवटी तेकसू तपासणीहून आला, बूट न काढता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, "घेतायत. माझं घेतायत."

ती दोघं इस्पितळात गेली, तेव्हा दासोमने माझी वायर काढली. वीस वर्षांत मी कधी इतका थंड पडलो नव्हतो. तेकसू बारा दिवसांनी परत आला, पोट धरून, वाकून चालत. आईला महिना लागला. तेवढे दिवस तो रोज माझ्यात थोडासा भात लावायचा, आपली वाटी खायचा आणि एक वाटा ठेवून द्यायचा. आईच्या नावाचा. त्या वाट्याला त्याने एकदाही हात लावला नाही.

मित्रांनो, मी आता फार दिवस चालणार नाही. तेकसूने नव्या कुकरची चौकशी केली आहे, आणि ते योग्यच आहे. जाता जाता एवढंच मागतो. अंग मोडेपर्यंत खेळलात, धावलात, तर भूक कडकडून लागेल. तिची लाज धरू नका. बसा, सावकाश खा, कोणाच्या तरी समोर खा. आणि कधी जास्त खाल्लंत, तर ते झाकायला दुसरा भात लावू नका. रिकामं भांडं उघडं ठेवा आणि घरच्यांना सांगा. तीन आठवडे मला ते सांगता आलं नाही, त्याची लाज मला अजून आहे.

आई घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. पावणेआठला मी बोललो. आवाज फाटलेला होता, पण आतल्या खोलीत पोचला.

"तेकसू, जेवलास का?" आईने विचारलं.

"नाही," तो म्हणाला, आणि मेजावर दोन वाट्या मांडल्या. "तू ये, मग बसतो."